१९९५ चा सगळ्यात भारी अल्बम कोणता? माझं मत 'रंगीला', पटत नसन तं कारण सांगा

कापूसवाला (दारव्हा):
काल रात्रीची लाईन होती, मोटार चालू करून धुऱ्यावर बसलो अन् मोबाईलवर 'हाय रामा' लागलं, तं झोपच उडाली. १९९५ चं गाणं हाय बाप्पा ते, आजही ऐकलं का अंगावर काटा येते. म्हणून मांडून रायलो, त्या सालचा सगळ्यात भारी अल्बम ए. आर. रहमानचा 'रंगीला'. मी तवा दहावीले होतो. एकाधिकार खरेदी होती, कापूस सरकारलेच द्या लागे, बंड्यायची लाईन जिनिंगपासून नाक्यापर्यंत. आम्ही बापलेक दोन रात्री लाईनीत होतो. समोरच्या बंडीवर एक जण टेप घेऊन आलता, त्याच्यापाशी दोनच कॅसेटी, एक भजनाची अन् एक रंगीला. दोन रात्रीत ते गाणे किती डाव ऐकले असतीन सांगता येत नाही, पण एकही गाणं दुसऱ्यासारखं वाटलं नाही. 'तन्हा तन्हा' गायल्या तवा आशाबाई साठीच्या पुढच्या, जन्म १९३३ चा, अन् आवाज ऐका! 'प्यार ये जाने कैसा है' मधी आपले सुरेश वाडकर. 'मांगता है क्या' ऐकताना तं समजेच ना का हे वाजून काय रायलं. तवरोक गाणं म्हनजे ढोलक, बासरी अन् व्हायोलिन एवढंच आमच्या कानाले माहीत. दुसरा अल्बम वाटत असन तं सांगा, पण नुसतं जिंदाबाद नोका करू.

पेटीवाला (वडसा):
कारण देतो जी. मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकात पेटी वाजवतो, मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस आले का रोज एका गावात. दिवसा बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, रात्री नाटक, पहाटेपर्यंत लोक घोंगडी घेऊन बसून राहतात. माझी पारख साधी आहे, गाण्यातले सगळे वाद्य काढा, नुसती पेटी अन् गळा ठेवा, तरी गाणं उभं राहिलं तर ते गाणं. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (डीडीएलजे) मधलं कोणतंही गाणं घ्या, 'तुझे देखा तो', 'मेरे ख्वाबों में', 'घर आजा परदेसी', पेटीवर अर्ध्या ओळीत लोक ओळखतात अन् मागून म्हणायला लागतात. जतिन-ललित यांची चाल अन् आनंद बक्षींचे शब्द असे बसले आहेत की एक मात्रा इकडे तिकडे होत नाही. लताबाईंचं वय काढा मग, आशाबाईंपेक्षा चार वर्षांनी मोठ्या. 'मांगता है क्या' पेटीवर वाजवून दाखवा तुम्ही, मी मान्य करतो.

कापूसवाला (दारव्हा):
पेटीवर बसत नाही म्हनून गाणं कमी कसं? डफड्यावर भूपाळी बसते का? प्रत्येक वाद्याचं आपलं काम असते नं दादा. अन् एक सांगा, त्या वर्षी डीडीएलजेले १० फिल्मफेअर भेटले, सारे घेऊन गेले, पण संगीताचा कोणाले भेटला? रहमानले, रंगीलासाठी. जिथं डीडीएलजे समोर होता तिथंच भेटला हे इसरू नोका.

पेटीवाला (वडसा):
गायकाचा उदित नारायणला 'मेहंदी लगा के रखना' साठी भेटला जी, गीतकाराचा आनंद बक्षींना 'तुझे देखा तो' साठी. तेही सांगा. आणि पुरस्कारानं ठरत असतं तर तुम्ही धागा कशाला काढला असता.

कॅसेटवाला काका (मूर्तिजापूर):
दोघायचं वाचलं. दोघंही बरोबर बोलता, पन १९९५ साली गावात काय वाजत होतं हे तुमाले ठाऊक नाही असं दिसते. माह्यं एसटी स्टँडजवळ कॅसेटीचं दुकान होतं, लोक कोरी कॅसेट घेऊन येत अन् भरून नेत, साठ मिनिटाची, एका बाजूनं तीस. 'बेवफा सनम' भरून भरून माह्या डेकचं हेड घासलं. 'अच्छा सिला दिया', 'ओ दिल तोड के', 'वफा ना रास आयी'. काळी-पिवळीवाले, ट्रकवाले, पानठेलेवाले, शिकायले गेलेले पोट्टे, सारे. तुमाले पुरावा पाहिजे नं? कॅसेटीच्या पोटात खालच्या बाजूनं एक पितळी पट्टी असते, तिच्यावर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एवढासा तुकडा चिकटवलेला, तो फितीले हेडवर दाबून धरते. कॅसेट लय वाजली का तो तुकडा झिजते नाही तं गळून पडते, मंग आवाज असा येते जसा कोनी गोधडीतून गाऊन रायला. लोक माह्याकडं आणत, मी जुन्या खराब कॅसेटीतला तुकडा चिमट्यानं काढून त्यात बसवून देत जाओ. कोणत्या कॅसेटीचे तुकडे जास्त बसवले विचारा, मी डोये लावून सांगतो, बेवफा सनम. रंगीलाची कॅसेट माह्याकडं दुरुस्तीले आल्याचं आठवतच नाही.

कापूसवाला (दारव्हा):
काका, तुमचा मान राखून सांगतो, जास्त वाजलं म्हनजे भारी झालं असं नाही. अन् त्यातल्या चाली कुठं १९९५ च्या होत्या? 'अच्छा सिला दिया' पाकिस्तानच्या अताउल्ला खान ईसाखेलवी यायच्या गाण्यावरून घेतलेलं. मंग १९९५ चा अल्बम कसा म्हणाव त्याले?

कॅसेटवाला काका (मूर्तिजापूर):
चाल कुठूनही येवो ना बाप्पा, आपण भजनाले सिनेमाची चाल लावतो तवा भजन खोटं होते का? 'अच्छा सिला दिया' गाणारा सोनू निगम तवा नवा पोरगा होता, त्याचं नाव त्या एका गाण्यानं घरोघरी गेलं. अन् जास्त वाजलं ते काहून वाजलं याचाही इचार करा. कापसाचे पैसे हातात नाही, लग्न ठरता ठरता मोडलेलं, ज्या पोट्ट्याले घरी कोणाजवळ बोलता येत नाही तो काय रंगीलातलं 'यारो सुन लो जरा' लावन का? माह्या दुकानाबाहेर एक गडी सायकल स्टँडवर लावून एकच गाणं पुरं होईस्तोवर उभा राहे, कॅसेट घ्यायले पैसे नसत त्याच्याजवळ. मी तेच गाणं पुन्हा लावत जाओ.

संत्र्याचा बाग (वरुड):
काकांचं वाचून डोळ्यात पाणी आलं खरंच. पण मी 'बॉम्बे' म्हणणार, आणि कोणीच त्याचं नाव घेतलं नाही म्हणून वाईटही वाटलं. तोही रहमानचाच, तोही १९९५ चा, मग रंगीला का आणि बॉम्बे का नाही? 'कहना ही क्या' मधे चित्राबाई ज्या ठिकाणी तान घेऊन खाली येतात, तिथे मागे कोरस कसा सांभाळून घेतो ते हेडफोन लावून ऐका. 'तू ही रे' हरिहरन आणि कविता कृष्णमूर्ती. आणि थीम म्युझिकमधे एक शब्द नाही, नुसती बासरी आणि व्हायोलिन. मुंबईच्या दंगलीला तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती, माझा भाऊ तिथे कामाला होता, त्या डिसेंबर-जानेवारीत आई रोज पोस्टमनची वाट पाहत ओट्यावर बसायची. ती बासरी ऐकली की मला तो ओटा दिसतो. गाण्यात शब्द नसूनही एवढं सांगता येतं हे मला त्या कॅसेटनं कळलं.

कापूसवाला (दारव्हा):
ताई, बॉम्बे मूळ तमिळ हाय, हिंदी शब्द नंतर चाल पाहून बसवले. रंगीला हा रहमानचा पहिला असा अल्बम जो हिंदीसाठीच केला. दोन्हीचे हिंदी शब्द मेहबूबचेच, पण रंगीलात ते मोकळे वाटतात.

संत्र्याचा बाग (वरुड):
डब केलं की ओठ जुळत नाहीत ते पडद्यावर, कॅसेटमधे ओठ कुठे दिसतात दादा? आणि थीमला तर भाषाच नाही, मग डब कशाचं.

नवा गडी (नेर):
मी १९९५ ले जन्मलो पण नव्हतो तरी सांगतो, लकी अलीचं 'ओ सनम'. पप्पा लावतात आमचे गाडीत, एकदम कडक.

पेटीवाला (वडसा):
ते १९९६ चं आहे. सिनेमाबाहेरचं १९९५ चं पाहिजे असेल तर अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आहे, बिड्डूचं संगीत. बरं आहे, पण एका गाण्यापुढे बाकीचे आठवत नाहीत, म्हणून मी त्याला पूर्ण अल्बम म्हणून नाही धरत.

पेटीवाला (वडसा):
आणखी एक, आज संध्याकाळी पेटी काढली अन् 'हाय रामा' वाजवून पाहिलं. दारव्हावाले दादा, माझी चूक झाली, रंगीलातलं काहीच पेटीवर बसत नाही असं मला म्हणायचं होतं पण ते खरं नाही. हा पूरिया धनाश्री आहे. कोमल रे, तीव्र म, कोमल ध, सांजवेळेचा राग, आमच्या जुन्या नाटकवाल्यांच्या हातात बसलेला. मुखडा दोनदा घेतला तर शेजारचा म्हातारा कुडाला टेकून ऐकत उभा राहिला, त्याला सिनेमाचं आहे हे माहीतच नाही. एवढं गाणं मी मानलं. पण अख्खा अल्बम म्हटला तर माझं मत अजून डीडीएलजेच, कारण रंगीलातले दोन गाणे मी सोडून देतो, डीडीएलजेतलं एकही सोडत नाही.

कापूसवाला (दारव्हा):
कोणते दोन सोडता ते सांगा आधी. 'मांगता है क्या' एक असन, दुसरं कोणतं?

पेटीवाला (वडसा):
'क्या करें क्या ना करें'.

कापूसवाला (दारव्हा):
तेच तं गाणं हाय दादा ज्याच्यावर पुरी बंड्यायची लाईन थंडीत हसत बसली होती! ज्याले पोरीसमोर बोलताच येत नाही अशा पोट्ट्याचं गाणं ते. आमच्यातला एक जण ते ऐकून दुसऱ्या दिवशी खरंच पत्र लिहायले बसला होता. ते नाही सोडू देत मी.

कॅसेटवाला काका (मूर्तिजापूर):
दुकान बंद केलं तवाचा एक खोका माळ्यावर हाय. आज उतरवला. रंगीलाची एक कॅसेट निघाली, नमदा जसाच्या तसा, फीत चकचकीत, कोणी वाजवलीच नाही. मी म्हणत होतो तेच.

कापूसवाला (दारव्हा):
काका, ती इकू नोका कोणाले. शुक्रवारी येतो मूर्तिजापूरले. टेप मी आणतो, सेल तुमी भरून ठेवा.