ॲसेटिक ॲसिडचं टायट्रेशन: इक्विव्हॅलन्स पॉइंटला पीएच ७ का येत नाही?

एफवाय_केम

गणित असं आहे: फ्लास्कमध्ये २५ मिली ०.१ मोलर ॲसेटिक ॲसिड, ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. केए (ॲसिडच्या विचरणाचा, म्हणजे आयन सुटण्याचा, स्थिरांक) १.८ × १०^-५. ब्युरेटमधून ०, १०, २५ आणि २६ मिली सोडल्यावर पीएच किती?

० मिलीला २.८७ येतो, तो बरोबर आहे. १० मिलीला उरलेल्या ॲसिडची तीव्रता काढून त्यावर वर्गमुळाचं सूत्र लावलं, तर ३.०६ आला, उत्तर ४.५७ दिलंय. २५ मिलीला, म्हणजे इक्विव्हॅलन्स पॉइंटला, सगळं ॲसिड संपलं म्हणून ७ लिहिलं, तेही चूक. मग हायड्रोलिसिसचं सूत्र वापरलं तर ८.८७ येतो आणि पुस्तकात ८.७२. कुठे काय लावायचं हेच कळत नाहीये. शिवाय प्रॅक्टिकलला फिनॉल्फ्थॅलीनच का? मिथिल ऑरेंज का नाही? आणि गुलाबी रंग मिनिटभरात उडतो, मग एंडपॉइंट (रंग बदलला म्हणून थांबायची जागा) धरायचा कुठे?

मिलिमोल

तुमचा घोळ सूत्राचा नाही, क्रमाचा आहे. आधी अभिक्रिया, नंतर समतोल. या दोन पायऱ्या एकत्र केल्या की हमखास फसायला होतं.

ॲसिड आणि हायड्रॉक्साइड यांच्या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक म्हणजे केए भागिले केडब्ल्यू (पाण्याचा स्थिरांक, १०^-१४), सुमारे १.८ × १०^९. इतका मोठा असल्यावर ती पूर्ण होते असंच धरायचं. त्यामुळे पहिल्या पायरीत समतोल आणूच नका, फक्त मिलिमोलची वजाबाकी करा. मोलरमध्ये नको, कारण दर वेळी आकारमान बदलतं.

१० मिलीला: ॲसिड २.५ मिलिमोल होतं, आम्लारी १ मिलिमोल आली. उरलं १.५ ॲसिड आणि तयार झाला १ मिलिमोल ॲसिटेट. तुम्ही ॲसिड घेतलंत, पण शेजारचा ॲसिटेट विसरलात. तो समतोल डावीकडे ढकलतो, म्हणून ॲसिडचं विचरण कमी होतं आणि पीएच ३.०६ न राहता वर जातो. हे बफर आहे, म्हणजे दुबळं ॲसिड आणि त्याचा ॲसिटेट एकत्र. इथे हेंडरसनचं सूत्र लागतं, पीकेए (केएचा ऋण लॉग) + लॉग (ॲसिटेट ÷ ॲसिड): ४.७४ + लॉग (१ ÷ १.५) = ४.५७. वरखाली आकारमान तेच असल्यामुळे इथे मिलिमोल थेट टाकले तरी चालतं.

२५ मिलीला ॲसिड संपलं हे खरं, पण फ्लास्कमध्ये नुसतं पाणी उरलेलं नाही. २.५ मिलिमोल ॲसिटेट आहे, आणि तो आम्लारीच आहे, दुबळी का असेना. केबी (आम्लारीचा स्थिरांक) = १०^-१४ ÷ १.८ × १०^-५ = ५.५६ × १०^-१०. तुमचा ८.८७ आला तो तीव्रता ०.१ धरल्यामुळे. एकूण आकारमान ५० मिली झालंय, म्हणजे ०.०५ मोलर. हायड्रॉक्साइड ५.२७ × १०^-६, पीओएच ५.२८, पीएच १४ - ५.२८ = ८.७२.

२६ मिलीला ॲसिटेटचा विचार सोडून द्या. जादा ०.१ मिलिमोल हायड्रॉक्साइड भागिले ५१ मिली, पीएच ११.२९. बरेच जण इथे २६ ने भागतात.

ब्युरेट_वाचक

इंडिकेटरबद्दल. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिली. २४.९५ मिलीला पीएच ७.४४ असतो आणि २५.०५ ला १०.०. दोन थेंबांत अडीच एककांची उडी! फिनॉल्फ्थॅलीनचा पट्टा ८.२ ते १०, म्हणजे नेमका या उडीत बसतो.

मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्ये लालाचा पिवळा होतो. या टायट्रेशनमध्ये ३.१ अर्ध्या मिलीच्या आतच ओलांडला जातो आणि ४.४ येतो ८ मिलीच्या जरा अलीकडे. म्हणजे रंग साडेसात मिली हळूहळू बदलत बसणार आणि तोही २५ च्या कितीतरी आधी. असं रीडिंग कुणी घेऊ नये.

रंग उडण्याचं कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो विरघळला की हायड्रॉक्साइड खातो आणि पीएच ८ च्या खाली उतरतो. फ्लास्क हलवत असताना फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की रीडिंग घ्या. नंतर उडाला तरी पुन्हा थेंब टाकू नका. गडद गुलाबी झाला तर पुढे गेलात असं समजा. पाणी उकळून गार केलेलं घेतलं तर हा त्रास बराच कमी होतो.

आणि सोडियम हायड्रॉक्साइड वजन करून ‘०.१ मोलर’ लिहू नका. त्याच्या गोळ्या वजन करता करताच ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात. ऑक्झॅलिक ॲसिडच्या स्फटिकांनी प्रमाणित करा: २५० मिलीला १.५७६ ग्रॅम घेतलं की ०.०५ मोलर द्रावण होतं. त्याला दोन आम्लधर्मी हायड्रोजन आहेत, त्यामुळे २५ मिलीला ०.१ मोलरचे २५ मिलीच लागतील.

एफवाय_केम

आकारमानाची चूक सापडली, धन्यवाद. मग ० आणि २५ मिली सोडून मधे सगळीकडे हेंडरसनचं सूत्र लावलं तर चालेल ना?

पाच_टक्के

नाही, सुरुवातीलाच फसेल. ०.२ मिली घालून बघा. ॲसिटेट ०.०२ आणि ॲसिड २.४८ मिलिमोल, सूत्र देतं २.६५. पण काहीही न घालता पीएच २.८७ होता! आम्लारी घातल्यावर पीएच खाली गेला, म्हणजे उत्तर उघडच चुकीचं. द्विघात समीकरण नीट सोडवलं की ३.०१ येतो.

कारण असं: सूत्र धरून चालतं की ॲसिटेट फक्त अभिक्रियेतून आला. ०.२ मिलीला अभिक्रियेतून आलेला ॲसिटेट ०.०००८ मोलर, तर ॲसिडच्या स्वतःच्या विचरणातून आलेला सुमारे ०.००१. दुसरा पहिल्याहून मोठा, त्याला सोडून कसं चालेल? १० मिलीला ॲसिटेट ०.०२९ मोलर आणि हायड्रोजन आयन फक्त ०.००००२७, म्हणून तिथे बिनधास्त.

तपासायची पद्धत सोपी आहे. आलेल्या पीएचवरून हायड्रोजन आयनांची तीव्रता काढा आणि ती ॲसिड व ॲसिटेट या दोघांच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी आहे का ते पाहा. नसेल तर आइस टेबल (सुरुवात, बदल आणि समतोल अशा तीन ओळींचा तक्ता) मांडून द्विघात सोडवा. त्या टेबलच्या पहिल्या ओळीत अभिक्रिया झाल्यानंतरचे आकडे लिहायचे, बाटलीवरचे नाहीत.