गेम डिझाइनसाठी पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का?

धागाकर्ता (रत्नागिरी): माझा भाचा संगणक अभियंता झाला असून, आता त्याला बंगळुरूच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डिजिटल गेम डिझाइन हा विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. माझा विरोध गेमला नाही, पदवीला आहे. 'गोडो'सारखे गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, घरबसल्या शिकता येते. एरिक बॅरोन यांनी चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून 'स्टारड्यू व्हॅली' २०१६ मध्ये बाजारात आणला, तो गेम डिझाइनच्या पदवीवाचूनच. मग कर्ज कशासाठी काढायचे?

प्रतिसाद (सावंतवाडी): आपण साधन आणि रचना यांची गल्लत करीत आहात. आमच्याकडचा दशावतारी गंजिफा हा पत्त्यांचा खेळ पाहा. पत्ते १२०, दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येक संचात राजा, वजीर आणि एक ते दहा आकड्यांचे पत्ते. पण पाच संचांत दहा आकडा भारी, तर उरलेल्या पाचांत एक्का भारी. शिवाय खेळ दिवसा असेल तर रामाच्या राजाने आरंभ, रात्री असेल तर कृष्णाच्या. हा उलटा क्रम खेळणाऱ्याच्या डोक्यावर किती ताण देईल आणि त्या ताणातून गंमत कशी निर्माण होईल, हा विचार म्हणजे डिझाइन. तो कोणतेही सॉफ्टवेअर शिकवत नाही.

प्रतिसाद (मालवण): गंजिफा रचणाऱ्यांनी कुठे पदव्युत्तर शिक्षण घेतले होते?

प्रतिसाद (सावंतवाडी): घेतले नव्हते, मान्य. परंतु ते नियम पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी खेळून घासले गेले. भाच्याच्या हाती तेवढा काळ नाही. चांगल्या अभ्यासक्रमात कागदी नमुना करून तो अनोळखी लोकांना खेळायला द्यावा लागतो, ते कुठे अडतात हे मुकाट्याने पाहावे लागते आणि आवडता नियमही काढून टाकावा लागतो. घरी आपण मामा म्हणून 'छान झालाय रे' एवढेच म्हणणार.

प्रतिसाद (मालवण): तरीही कर्जाचा प्रश्न उरतोच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा व्हिडिओ गेम आणला, त्यामागे संपूर्ण चमू होता. अशा चमूत जागा मिळवायची तर आधी केलेले काम दाखवावे लागते, प्रमाणपत्र नंतर.

धागाकर्ता: 'छान झालाय' हे मी खरोखरच म्हटले होते, अगदी गेल्याच आठवड्यात! त्याला सांगतो, मे महिन्यात वाडीतल्या मुलांना खेळता येईल असा एक कागदी खेळ कर आणि ती मुले कंटाळली की नियम बदल. तोवर प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायला माझी हरकत नाही. कर्जाच्या कागदावर सही करायची की नाही, ते जूनमध्ये पाहू.