परसबागेत सतत साप दिसतात. ते मारले जाऊ नयेत आणि कामावरच्या बायकांनाही धोका होऊ नये, यासाठी मदत हवी आहे

पाटाकडेची

नमस्कार. आम्ही वाळवा तालुक्यात राहतो, शिराळ्याच्या बाजूला. घरामागे सात गुंठे परसबाग आहे. वांगी, मिरची, दोडक्या-कारल्याचा मांडव आणि पाटाकडेला आळू. तीन अंगांनी ऊस आणि चौथ्या अंगाला पाट. भाजी आठवडी बाजारात जाते, आणि माझ्याबरोबर गावातल्या दोन बायका खुरपायला, तोडणीला येतात. गेली तीन वर्षं हे चाललंय.

साप पहिल्या वर्षापासून दिसतात. ऊस तुटला की त्यातले उंदीर आमच्याकडे येतात आणि उंदरांच्या मागे साप. पहिला पाऊस पडला की बेडकांच्या मागे आणखी. त्याची मला तक्रार नाही. पण या मोसमात चार प्रसंग असे घडले की मला झोप लागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला प्रसंग मुलाचा. तो सहा वर्षांचा आहे. गांडूळखताच्या बेडमध्ये हात घालून खेळत होता आणि मला हाक मारून म्हणाला, "आई, हे गांडूळ लई पळतंय." बघितलं तर वीतभर, काळसर, चकचकीत. गांडुळासारखी वळी नाहीत, अंग कोरडं. मी त्याचा हात झटकला. नंतर कळलं की तो वाळा होता, मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खाणारा, अगदी निरुपद्रवी. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं, आणि त्याला तर साप हा शब्दही सुचला नव्हता.

दुसरा वांग्यात. वांग्याच्या सरीत मी उसाचं पाचट अंथरते, ओल टिकते आणि तण कमी येतं. पाचट उचललं की नानेटी निघते. पाठीवर पिवळसर दोन पट्टे असतात. ही मला ओळखता येते. ती निघून जाते, आम्ही कामाला लागतो.

तिसरा प्रसंग सांगताना अजून वाईट वाटतं. कोंबड्या आणि शेळ्या आत येतात म्हणून मी मांडवाच्या कडेनं नायलॉनची बारीक जाळी जमिनीपर्यंत सोडली होती. एका सकाळी तिच्यात सहा फुटी धामण अडकलेली दिसली. रात्रभर धडपडून जाळी मानेत आणि पोटात रुतली होती. कुणाला बोलवायचं हे कळेपर्यंत अकरा वाजले आणि ती उन्हात मेली. जाळी मी लावली होती.

चौथा गेल्या सोमवारचा. मिरचीत काम करणाऱ्या काकूंच्या पायाशी एक जाडसर, आखूड, चॉकलेटी डागांचा साप निघाला. त्या ओरडल्या, "घोणस हाय, घोणस!" माझे सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, खोरं घेऊन धावले आणि त्यांनी तो मारला. नंतर बघितलं तर शेपूट अगदी आखूड, बोथट आणि खरखरीत. डाग सुटे गोल नव्हते, एकमेकांत मिसळून वेडेवाकडे झालेले होते. मला वाटतं ती डुरक्या घोणस होती, म्हणजे बिनविषारी. अण्णांना मी बोलले. ते म्हणाले, "तिच्या पायाखाली व्हती. मी काय पुस्तक उघडून बघत बसू?" यावर मला उत्तर देता आलं नाही.

शिराळ्याची नागपंचमी आमच्या शिवेलाच. नागाला हात जोडणारी ही माणसं, आणि हीच बागेत दिसलेला साप पहिल्या झटक्यात मारतात. त्यांना दोष द्यायचा नाही. भीती खरी आहे, कारण घोणस, नाग, मण्यार इथे खरोखरच आहेत.

तर मला हवंय ते असं. बिनविषारी आणि विषारी साप पाच-सहा फुटांवरून, घाबरलेल्या अवस्थेत, खात्रीनं कसे ओळखायचे? त्या दोन बायकांना काय शिकवायचं? जाळीचं काय करायचं? आणि अण्णांना काय सांगायचं?

कृष्णाकाठ

ताई, मी कराड भागात बारा वर्षं साप पकडून वन खात्याला कळवून सोडतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, पण स्पष्ट लिहितो. घाबरलेल्या माणसानं पाच फुटांवरून खात्रीनं साप ओळखायचा, ही अपेक्षाच सोडा. तुम्ही डुरक्या घोणसेची जी लक्षणं लिहिलीत ती बरोबर आहेत. घोणसेचे डाग साखळीसारखे सुटे आणि ओळीत असतात, डोकं त्रिकोणी, मान वेगळी दिसते, आणि ती प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. पण हे तुम्ही तो मेल्यावर, शांतपणे बघून लिहिलंत. गवतात अर्धा झाकलेला साप हलत असताना हे दिसत नाही. कवड्या आणि मण्यार यांचंही तेच. कवड्याचे पांढरे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारचे पट्टे बारीक, बहुतेक जोडीजोडीनं, मानेपासून जरा मागे सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. कागदावर सोपं आहे. रात्री विजेरीच्या उजेडात अनुभवी माणसंही चुकली आहेत.

म्हणून बायकांना ओळख शिकवू नका, सवय शिकवा. कुठलाही साप दिसला की जागेवर थांबायचं, मग हळूहळू मागे सरायचं. धावायचं नाही. आठ-दहा फूट झाले की उभं राहून तो कुठे जातो ते बघायचं. दहातले बहुतेक साप एवढ्यातच निघून जातात. राहिला तर वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, किंवा जवळच्या वनरक्षकाकडून नोंद असलेल्या सर्पमित्राचा नंबर आजच घेऊन भिंतीवर लिहून ठेवा. साप समोर असताना नंबर शोधायची वेळ येऊ नये. तुमच्या धामणीच्या बाबतीत तेच झालं.

अण्णांना म्हणावं, साप मारायला जाणारा माणूसच सापाच्या सगळ्यात जवळ जातो. माझ्याकडे चावून आलेल्यांची जी प्रकरणं आली, त्यातले बरेच जण मारताना किंवा पकडताना चावले गेले. कायद्याचंही आहेच, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे साप येतात. पण म्हाताऱ्या माणसाला कायदा सांगून पटत नाही, त्याच्या हाताची काळजी सांगून पटतं.

द्राक्षबाग

मी तासगावचा. वरच्या दादांचं सगळं मान्य करून एक वेगळी बाजू मांडतो. माझ्या चुलत्यांना २०११ साली घोणस चावली. वाचले, पण पाय कायमचा अधू झाला. आमच्या घरात साप दिसला की आजही मारला जातो, आणि मी थांबवू शकत नाही. ताईंचं दुःख मला कळतं, पण खोऱ्यानं मारणाऱ्या अण्णांनाही समजून घ्या. त्या काकूंचा पाय वाचवायचा होता त्यांना.

एवढं सांगतो की चुलत्यांच्या वेळेला सगळ्यात मोठी चूक बुटाची होती. अनवाणी होते. त्या वर्षापासून मजुरांसाठी गमबूट ठेवले आहेत. गरम होतं, बायका कुरकुर करतात, पण घालतात. आणि पाचट हातानं उचलायचं नाही. लांब दांड्याच्या पंजानं आधी ओढायचं, मग वाकायचं.

कोरेगावची परिचारिका

मी ग्रामीण रुग्णालयात काम करते, त्यामुळे चावल्यानंतरचं सांगते. या धाग्यात ते राहून जायला नको.

चावलं तर दोरी, ओढणी, काहीही आवळून बांधू नका. चिरा देऊ नका, तोंडानं ओढू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. माणसाला आडवं करा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण सूज आली की ते रुततं. हाड मोडल्यावर बांधतो तशी चावलेल्या अवयवाला फळी बांधा, म्हणजे तो हलणार नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं सरकारी रुग्णालय गाठा, आणि निघतानाच तिथे फोन करून कळवा.

साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नातेवाईक त्यातच अर्धा तास घालवतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच आहे. डॉक्टर लक्षणं आणि रक्त गोठण्याची चाचणी बघून उपचार ठरवतात. लांबून फोटो मिळाला तर आणा, नाहीतर तसेच या.

"बिनविषारीच होता" असं म्हणून घरी बसू नका. मण्यार चावल्याची खूण कधीकधी दिसतसुद्धा नाही, दुखतही नाही, आणि काही तासांनी पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात. रुग्णालयात २४ तास थांबा. बिनविषारी ठरला तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन परत जाल.

पाटाकडेची

सगळ्यांचे मनापासून आभार. मी ओळखीच्याच मागे लागले होते आणि त्यात मला स्वतःला हुशार झाल्यासारखं वाटत होतं. उपचारालाही ओळख लागत नाही हे वाचल्यावर माझा प्रश्नच बदलला. द्राक्षबाग दादा, तुमच्या चुलत्यांचं वाचून अण्णांशी मी ज्या आवाजात बोलले त्याचं वाईट वाटलं. काल त्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतःच बाजारातून दोन जोड गमबूट घेऊन आले.

वनरक्षकांकडून दोन नंबर मिळाले, ते गोठ्याच्या भिंतीवर चुन्यानं लिहिले. काकूंना आणि दुसऱ्या वहिनींना थांब-माग-बघ असं तीन शब्दांत सांगितलं. मुलालाही तेच, शिवाय खताच्या बेडमध्ये हात घालायचा नाही. पंजा घेतला आहे.

जाळीचं अजून ठरत नाही. काढली तर शेळ्या आत येतात.

कृष्णाकाठ

बारीक नायलॉनची सैल जाळी हा सापांचा सगळ्यात वाईट फास. धामण लांब असते, ती पुढे रेटत राहते आणि खवले अडकतात, मागे येता येत नाही. जाळी जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्या आणि खालच्या भागात बांबूच्या कामट्यांचा कूड घाला. शेळी अडेल, साप फटीतून जाईल. कोंबड्यांची पिल्लं आत जातील, ते सोसावं लागेल. आधीची जाळी गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका, त्यातही अडकतात. आणि पुन्हा कुणी अडकलं तर सुरुवातीला फक्त सावली करा, अंगावर ओलं पोतं टाका आणि आम्हाला बोलवा. धागे कापायचं काम तुम्ही करू नका.

फिनाईल, डांबरगोळ्या, गंधक याच्यावर पैसे घालू नका. कुणी विचारेलच म्हणून आधीच सांगतो. त्यानं साप थांबत नाहीत. उंदरांची बिळं, उघडं धान्य, घराला टेकून रचलेली लाकडं आणि विटा, हे आवरलं की फरक पडतो.

द्राक्षबाग

कामट्यांच्या कुडाची कल्पना चांगली आहे. आमच्याकडेही शेततळ्याच्या कडेला तशीच जाळी आहे. उद्या वर घेतो.

पाटाकडेची

कूड घालायला परवा माणूस येतोय. पण आज सकाळी नवीनच निघालं, म्हणून पुन्हा लिहिते. शेणखताच्या ढिगाची एक बाजू काकू पंज्यानं ओढत होत्या (वाकल्या नाहीत, हे आवर्जून सांगते). आत पांढरी, लांबट, मऊ सालीची दहा-बारा अंडी दिसली. एकमेकांना चिकटलेली. पालीची असावीत म्हणावं तर मोठी आहेत. काकूंनी पंजा तिथेच टाकला आणि मागे आल्या. ही धामणीची आहेत का? उचलून उसाच्या बांधावर ठेवली तर चालतील?

कृष्णाकाठ

उचलू नका. सापाची अंडी जागेवरून हलवली, उलटसुलट झाली की आतलं पिल्लू मरू शकतं. धामणीची असतील, दिवडाची असतील, नागाचीही असू शकतात. नागीण अंड्यांजवळ थांबते, त्यामुळे ढिगाजवळ कुणीच जायचं नाही. भिंतीवरच्या नंबरावर फोन करा, ते बघून ठरवतील. तोवर दोरी बांधून जागा अडवा. लांबून फोटो काढलात तर इथे टाका.

पाटाकडेची

फोन केला, उद्या सकाळी आठ वाजता येणार आहेत. ढिगाच्या चारी बाजूंनी दोरी बांधून अण्णांनी तिला लाल कापडाच्या चिंध्या लावल्या. खत घालायचं काम पुढच्या महिन्यावर ढकललं आहे. फोटो सकाळी उजेडात काढून टाकते.