अनुभव धागा: एअर पिस्तूल, रेप्लिका आणि कस्टम्सचं काउंटर

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं कारण म्हणजे माझी फजिती.

मला पिस्तुलांच्या प्रतिकृती जमवायचा नाद आहे. खरं हत्यार आयुष्यात हातात धरलेलं नाही, धरायचंही नाही. जर्मनीत कामाला असताना वॉल्थर पीपीके या पिस्तुलाची, सीओटूवर (कार्बन डायऑक्साइड वायूवर) चालणारी आणि छर्रे मारणारी प्रतिकृती घेतली. तिथे मामला सोपा. ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आत, अंगावर पंचकोनात ‘एफ’चा छाप आणि घेणारा १८ वर्षांचा, की झालं. रस्त्याने नेताना मात्र कुलूपबंद पेटीत न्यायचं, कारण खऱ्यासारखं दिसणारं काहीही उघड्यावर बाळगायला बंदी आहे.

मग कॅनडात बदली झाली. पिस्तूल चेक-इन बॅगेत, सीओटूची नळकांडी मागेच ठेवलेली, डिक्लेरेशनमध्ये सगळं लिहिलेलं. कस्टम्सच्या अधिकारी बाईंनी छऱ्याचा वेग विचारला. मी खोका पुढे केला: सेकंदाला ९० मीटर. वर आपणहून म्हणालो, ‘अगदीच कमजोर आहे हो.’ तिथेच मी अडकलो.

कॅनडाचा हिशोब असा. सेकंदाला १५२.४ मीटर आणि ५.७ ज्यूल या दोन्हींच्या वर मारा गेला तर ती लायसन्स लागणारी बंदूक. त्याखाली, पण साधारण १११ मीटरच्या वर वेग असेल, तर लायसन्सची गरज नाही. आणि त्याहूनही कमी वेगाचं असून दिसायला हुबेहूब असेल, तर ते ‘रेप्लिका’ आणि रेप्लिकाला बंदी! म्हणजे माझं पिस्तूल थोडं जास्त जोरदार असतं तर घरी आलं असतं. कारण विचारलं तर त्या बाईंनी शांतपणे समजावलं की ठरावीक जोराच्या खाली गेलं की कायदा त्याला हत्यार मानत नाही, नक्कल मानतो, आणि नक्कल धाक दाखवायलाच वापरली जाते. पटलं नाही, पण मुद्दा कळला.

तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहा. देश आणि वस्तू सांगा. विमानतळांची आणि विमान कंपन्यांची नावं नकोत, उगाच वाद होतात.

* * *

धागाकर्ते, इंग्लंडमध्ये नेमकं तुमच्या उलट आहे. माझ्याकडे दोन वस्तू होत्या. एक छर्रे मारणारं एअर पिस्तूल, दुसरं निव्वळ शोभेचं, धातूचं, नळी बुजवलेलं. मला वाटलं अडकलं तर पहिलं अडकेल. झालं भलतंच! एअर पिस्तूल ६ फूट-पाउंडच्या, म्हणजे साधारण ८ ज्यूलच्या आत होतं आणि मी १८ वर्षांच्या वरचा, त्यामुळे ते पास झालं. शोभेचं मात्र थांबवलं. २००६च्या कायद्याने खऱ्यासारखी दिसणारी नक्कल बनवणं, विकणं आणि देशात आणणं बंद झालंय. ऑक्टोबर २००७पासून ते लागू आहे. छर्रे मारणारं पिस्तूल कायद्याच्या लेखी नक्कल नाहीच, ते कमी ताकदीचं एअर वेपन. ज्यातून काहीच सुटत नाही ते मात्र नक्कल.

अधिकारी तरुण होता. त्याने आपल्या वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी पुस्तक काढलं. दीड तास मी बाकावर बसून होतो. कुणी आवाज चढवला नाही, एवढं कबूल करतो.

पण खरी सरहद्द मला नंतर लागली, तीही कुठलीही चौकी नसलेली. दोन वर्षांनी स्कॉटलंडला मित्राच्या शेतावर डब्यांवर नेम मारायला निघालो होतो. निघण्याच्या आदल्या रात्री तोच म्हणाला, ‘परवाना काढलास का?’ कसला परवाना? २०१६ संपता संपता स्कॉटलंडमध्ये एअर वेपनला वेगळा परवाना लागू झालाय आणि पाहुण्याला व्हिजिटर परमिट काढावं लागतं. गाडीतून उतरवलं आणि कपाटात ठेवलं. उत्तर आयर्लंड तर आणखी कडक: १ ज्यूलच्या वर गेलं की फायरआर्म सर्टिफिकेट. देश एक आणि कायदे तीन.

* * *

छोटासा अनुभव. केबिन बॅगेत पिस्तुलाच्या आकाराचा लायटर होता, कुणीतरी भेट दिलेला. एक्स-रेवर बघणाऱ्याने पट्टा थांबवला, मागची रांग माझ्याकडे बघायला लागली आणि नवरा दोन पावलं बाजूला सरकला (हे मी अजून विसरलेले नाही). लायटर गेला. आकार पिस्तुलाचा असला की आत काय आहे हे केबिनच्या नियमाला बघायचंच नसतं.

* * *

मी नेमबाजीतला १० मीटर एअर पिस्तूल हा प्रकार खेळते, त्यामुळे हा माझा नेहमीचाच प्रवास. आमच्या पिस्तुलाची लाकडी मूठ हाताच्या मापाने घासलेली असते आणि नळीखाली हवेचं सिलिंडर असतं. त्याला बघून कुणी पिस्तूल म्हणणार नाही, गळतीचा पाइप दुरुस्त करायचं अवजार म्हणेल. तरी कागदं आमचीच सगळ्यात जास्त! यजमान देशाची तात्पुरती आयात परवानगी, संघाचं पत्र, पिस्तुलाचा नंबर, छर्‍यांची संख्या.

सिलिंडरची भानगड वेगळी. त्यात २०० बारपर्यंत हवा असते, आणि विमानात ते रिकामंच न्यावं लागतं. नुसतं ‘रिकामं आहे’ म्हणून चालत नाही, काही विमान कंपन्या झडप खोलून दाखवायला लावतात. एकदा काउंटरवरचा माणूस मीटरचा काटा शून्यावर बघूनही ऐकेना, शेवटी आमच्या कोचनी सिलिंडर तिथेच उघडून दाखवलं. आणखी एक: सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि १० वर्षं झाली की स्पर्धेत चालत नाही. प्रवासाआधी ती बघा.

माझी स्वतःची चूक सांगते. फॉर्मवर नंबर लिहिताना ‘८’चा ‘बी’ झाला. पिस्तूल माझं, परवानगी माझी, पण कागदावरचा नंबर दुसऱ्याच पिस्तुलाचा. मॅचच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पिस्तूल गोदामात आणि मी हॉटेलच्या खोलीत कोरडा (छर्रा न झाडता करायचा) सराव, तोही रिकाम्या हाताने. तेव्हापासून नंबराचा फोटोच जोडते.

जपानबद्दल कुणी विचारण्याआधीच लिहिते: तिथे एअर पिस्तूल बाळगायची परवानगी अख्ख्या देशात ५०० खेळाडूंपुरतीच असते. त्यांचे खेळाडू भेटले की आपली तक्रार आपोआप लहान होते.

* * *

भारतात आणायचं मनात असणाऱ्यांसाठी. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० ज्यूलच्या आतल्या आणि ४.५ मिलीमीटर नळीच्या एअरगनला बाळगायचं लायसन्स लागत नाही. एवढं वाचून लोक बॅग भरतात. पण घरात ठेवायला लायसन्स नाही म्हणजे बाहेरून आणायला मोकळीक, असं नव्हे. शस्त्राची आयात १९५९च्या कायद्यात स्वतंत्र कलमाखाली येते. नळी ५.५ असेल तर जोर कितीही कमी असो, बाळगण्याचाही प्रश्न उभा राहतो.

मी घेण्याआधी लेखी विचारलं. उत्तर यायला वेळ लागला आणि ‘आयात परवाना दाखवा’ असंच आलं. घेतलं नाही. फजिती नाही, म्हणून गोष्टही नाही. जुलै २०२२मध्ये व्हिएतनामहून दिल्लीला आलेल्या जोडप्याच्या सामानात ४५ पिस्तुलं सापडली होती, ती बातमी आठवते का? खरी की नकली, हाच पहिला प्रश्न होता. त्याचं उत्तर तपासणीतून येईपर्यंत माणूस आतच असतो.

* * *

अमेरिकेत केंद्रीय कायदा एअरगनला फायरआर्म मानत नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीत घर हलवलं. न्यू जर्सी मानते! सामान उतरवणाऱ्या शेजाऱ्याने सांगितलं म्हणून कळलं. आणि नळीच्या तोंडाशी असतं ते नारिंगी टोक खेळण्यातल्या आणि नकली बंदुकांसाठी असतं, छर्रे मारणाऱ्या एअरगनला ते सक्तीचं नाही. त्यामुळे टोक नारिंगी नाही म्हणजे खरी, असंही धरू नये.

* * *

प्रश्न: भाऊ हाँगकाँगला असतो, त्याच्याकडे १ ज्यूलचं एअरसॉफ्ट (प्लास्टिकचे छर्रे मारणारं खेळातलं) पिस्तूल आहे. तिथे २ ज्यूलपर्यंत चालतं म्हणे. तो पुढच्या महिन्यात शेनझेनला राहायला जातोय. अर्ध्याच तासाचं अंतर आहे, घेऊन गेला तर?

* * *

नको!! त्याला आजच फोन करा.

चीनच्या मुख्य भूमीत ज्यूल मोजत नाहीत, ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर मोजतात, आणि मर्यादा १.८ आहे. ६ मिलीमीटरच्या छर्‍याचं समोरचं क्षेत्रफळ जेमतेम ०.२८ चौरस सेंटीमीटर. गुणाकार करा: अर्धा ज्यूल. म्हणजे भावाचं खेळणं तिथे मर्यादेच्या दुप्पट, कायद्याने बंदूक. सिचुआनमधल्या १८ वर्षांच्या मुलाने तैवानहून २४ नकली बंदुका मागवल्या होत्या. २०१५मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे फेरसुनावणीत शिक्षा कमी केली, पण तोवर त्याची वर्षं गेलीच.

पिस्तूल हाँगकाँगमध्येच कुणाकडे तरी ठेवायला सांगा.

* * *

धागाकर्ता परत. बऱ्याच जणांनी विचारलंय की माझ्या पिस्तुलाचं पुढे काय झालं. दोन पर्याय मिळाले: स्वखर्चाने देशाबाहेर परत पाठवा, नाहीतर हक्क सोडल्याच्या कागदावर सही करा. आधी डिक्लेअर केलं होतं म्हणून गुन्हा वगैरे काही नोंदवला नाही. परत पाठवायला जर्मनीतला जुना सहकारी तयार होता, पण हवाई मालवाहतुकीसाठी भरायचे कागद बघून मी सही केली. खोका मागितला, तोही दिला नाही. त्यावरही पिस्तुलाचा नंबर आहे म्हणे.