ड्युअल एनरोलमेंट आणि एपी एकच नाहीये हो

वर कोणीतरी म्हटलंय की एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे अमेरिकेत हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय) काय नि ड्युअल (हायस्कूलात असतानाच खऱ्या कॉलेजचा विषय घेणं) काय, कॉलेजचं क्रेडिट (पदवीसाठी मोजला जाणारा श्रेयांक) मिळाल्याशी मतलब. तसं नाहीये. एपीत मे महिन्यातल्या एका परीक्षेवर सगळं, स्कोअर कमी आला तर बऱ्याचदा तो न दाखवताही चालतं. ड्युअलमधली ग्रेड म्हणजे खरीखुरी कॉलेजची ग्रेड, सोळाव्या वर्षी सी ग्रेड आला तरी कायमचा ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर), पुढे मेडिकलला अर्ज करताना तोही मोजतात.

आम्ही वॉशिंग्टन राज्यात, इथे रनिंग स्टार्टमध्ये अकरावी-बारावीची मुलं कम्युनिटी कॉलेजात जाऊन शिकतात, ट्यूशन (कॉलेजची शिकवण्याची फी) माफ, पण पुस्तकं, इतर फिया नि जाणंयेणं आपलं. कॉलेजची ५ क्रेडिट म्हणजे हायस्कूलचं १, म्हणजे वर्षभराचा विषय एका क्वार्टरमध्ये (कॉलेजच्या सुमारे तीन महिन्यांच्या सत्रात) उरकायचा, आणि तिथेच दमछाक होते. आमच्या लेकीने पहिल्याच क्वार्टरला इंग्लिश आणि प्रीकॅल्क्युलस एकदम घेतलं, रात्री एक-एक वाजेपर्यंत जागायची बिचारी (आणि मी फुकटचा ड्रायव्हर).

राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिट्या क्रेडिट सहसा घेतात, खासगीवाल्यांचं काही खरं नाही, आधीच विचारून ठेवा. आणि हो, फेर्पा कायद्यामुळे (विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणारा अमेरिकन कायदा) पोरीने लिहून दिल्याशिवाय कॉलेज आईबापांना सहसा ग्रेडसुद्धा सांगत नाही, मग पोरगी सोळाची का असेना!