वेबमेलवरून पाठवलेल्या मेलची प्रत थंडरबर्डमध्ये कशी जपावी?

हळद_अडत, सांगली
नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत असून परपेठेतील खरेदीदारांशी भाव, वजन आणि बिलांचा सारा पत्रव्यवहार आमच्या स्वतःच्या डोमेनच्या ईमेलवरून चालतो. दुकानातील संगणकावर थंडरबर्डमध्ये (मेल वाचण्या-पाठवण्याचे सॉफ्टवेअर) हे खाते पॉप पद्धतीने जोडलेले आहे आणि आलेले मेल त्यात नीट उतरतात. परंतु सौदे चालू असताना मी बहुतेक उत्तरे मोबाईलवरून किंवा ब्राउझरमध्ये वेबमेल उघडून देतो, ती थंडरबर्डमध्ये कुठेच दिसत नाहीत. मेलबॉक्स भरत आल्याने जुने मेल सर्व्हरवरून काढावे लागणार आहेत. माल कोणत्या भावाने पाठवला याचा पुरावा म्हणजे आमचाच पाठवलेला मेल, त्यामुळे तो गमावून चालणार नाही. प्रत्येक मेल स्वतःलाच बीसीसी करावा (छुपी प्रत पाठवावी), असे एकाने सुचवले. तेवढाच मार्ग आहे का?

कृष्णाकाठ
नमस्कार दादा. बीसीसीने यापुढचे मेल इनबॉक्समध्ये जमा होतील, पण आजवर पाठवलेले एकही मेल हाती येणार नाही. मूळ अडचण पॉपची आहे: या पद्धतीला सर्व्हरवरचा फक्त इनबॉक्स दिसतो, 'सेंट' किंवा इतर फोल्डर दिसतच नाहीत. आयमॅप या दुसऱ्या पद्धतीत सर्व फोल्डर दिसतात. म्हणून आताचे पॉप खाते जसेच्या तसे राहू द्या आणि तोच पत्ता थंडरबर्डमध्ये आयमॅप खाते म्हणून वेगळा जोडा (बहुतेक ठिकाणी पोर्ट ९९३, एसएसएल). त्यानंतर खात्याच्या सेटिंग्जमधील 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' येथे मेल संगणकावर ठेवण्याचा पर्याय चालू असल्याची खात्री करा.

येथे थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आयमॅप म्हणजे सर्व्हरचा आरसा. तिकडे पुसलेला मेल इकडूनही जातो. त्यामुळे 'लोकल फोल्डर्स'खाली वर्षवार फोल्डर तयार करून 'सेंट'मधील मेल निवडा आणि 'कॉपी टू'ने तेथे न्या. 'मूव्ह टू' वापरू नका. मग थंडरबर्ड ऑफलाइन करून एखादा जुना, बिल जोडलेला मेल त्या नव्या फोल्डरमधून उघडा. बिलाची पीडीएफ उघडली, तरच प्रत पूर्ण उतरली असे समजा आणि मगच सर्व्हरवरचे मेल काढा.

अजिंक्यतारा_सातारा
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. दुकानात एखादे जीमेलचे खाते असेल, तर तेथे पॉपनेही पाठवलेले मेल उतरतात, त्यामुळे त्या अनुभवावरून इतर सर्व्हरबद्दल अंदाज बांधू नये. दुसरे असे, की लोकल फोल्डर्स एकाच संगणकावर असतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत दुकानादुकानांत पाणी शिरले होते, हे आपणास सांगायला नको. थंडरबर्ड बंद करून त्याचे संपूर्ण प्रोफाइल फोल्डर (ज्यात त्याचे मेल व सेटिंग्ज साठतात) बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावे आणि ती डिस्क घरी, वरच्या मजल्यावर ठेवावी. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. त्याहून अलीकडची बिले असलेले मेल कोणत्याही परिस्थितीत पुसू नयेत.

हळद_अडत, सांगली
आपणा दोघांचे मनापासून आभार. आयमॅप खाते जोडले, पण 'सेंट'मध्ये केवळ ब्राउझरमधून पाठवलेले मेल दिसतात. मोबाईलवरून पाठवलेले कुठे असतील?

कृष्णाकाठ
मोबाईलचे ॲप बहुधा 'सेंट आयटम्स' किंवा 'सेंट मेसेजेस' अशा वेगळ्या फोल्डरमध्ये प्रत ठेवत असावे. थंडरबर्डमध्ये खात्याच्या नावावर राइट क्लिक करून 'सबस्क्राइब' उघडा, तेथे सर्व्हरवरील सर्व फोल्डरची यादी दिसेल. त्यातील ते फोल्डर निवडून त्याचीही प्रत वरीलप्रमाणेच घ्या. ते यादीतही नसेल, तर ॲप पाठवलेले मेल बहुधा फक्त फोनमध्येच साठवत असावे. अशा वेळी ॲपमधील खाते आयमॅप पद्धतीचे आहे का ते प्रथम पाहा, आणि त्याचा उलगडा होईपर्यंत फोनमधील ॲप काढू नका व फोन रीसेटही करू नका.