विषय: गोंबेला मुलांना घेऊन जायचंय

सर्वांना नमस्कार,

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं टांगानिका सरोवराकाठच्या किगोमाला जायचं म्हणतोय. मुलगा १६ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची. चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडाल १ ऑक्टोबर २०२५ ला वारल्या, तेव्हापासून मुलाने ध्यास घेतलाय की त्यांनी जिथे काम केलं ते गोंबेचं उद्यान बघायचंच. दार-ए-सलामहून विमानाने किगोमा आणि पुढे बोट, इतपत कळलंय. मंडळातलं कोणी जाऊन आलंय का? चिंपांझी नक्की दिसतात का? खाण्यापिण्याचं काय करायचं? आणि मुलीला डोंगर झेपेल का?

— मसाकीहून

*

अगं, आधी मुलीचंच सांगते, म्हणजे तिकिटं काढायच्या आत कळेल. गोंबेला १५ वर्षांखालच्या मुलांना चिंपांझी बघायला नेत नाहीत. त्यामुळे डोंगर झेपेल की नाही हा प्रश्नच येत नाही. आम्ही गेलो तेव्हा आमची नात १३ वर्षांची होती. मलाही आधी फार वाईट वाटलं होतं, पण तिथे गेल्यावर कारण समजलं.

आपली सर्दी चिंपांझींना लागते. आपण दोन दिवस नाक पुसून कामाला लागतो, त्यांच्यात मात्र तीच छातीत उतरते आणि जीव घेते. १९६६ साली गोंबेत पोलिओची साथ आली. काही चिंपांझी मेले, काहींचे हातपाय कायमचे लुळे पडले. शेवटी केळ्यांत लस घालून त्यांना दिली होती. तेव्हा माणसं त्यांना केळी खायला घालत, अगदी जवळ जात. आता १० मीटर अंतर, एका गटात सहाच जण आणि तासभरच. तास झाला की वाटाड्या उठवतोच, समोर कितीही छान चाललेलं असो.

आमचंच सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचा घसा धरला. ताप नाही, खोकला नाही, नुसती खवखव. निघताना वाटाड्याने प्रत्येकाला विचारलं, बरं वाटतंय ना? ह्यांनी खरं सांगितलं आणि मागे थांबले. वर्षभर वाट बघितलेली, पैसे भरलेले, ते परत मिळणार नव्हते. मला फार वाईट वाटलं आणि तितकाच अभिमानही वाटला. म्हणून सगळ्यांना कळकळीने सांगते, घरात कोणाला सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला. गोळी घेऊन, लपवून जाऊ नका.

आता बाकीचं. किगोमाहून सकाळी लवकर निघा. दुपारी वारा सुटला की टांगानिका सरोवर समुद्रासारखं उसळतं. ६७३ किलोमीटर लांब आहे ते, पलीकडचा काँगोचा किनारा धूसर दिसतो. मोटरबोटीने दीड-दोन तास. किबिरिझीहून गावकऱ्यांची बोटही मिळते, पण ती थांबत थांबत जाते. गोंबेला रस्ता नाहीच. पाण्यातून डोंगर सरळ वर चढलेला आणि मधेमधे ओढ्यांच्या घळी, त्यात दाट जंगल.

खाणं बरोबर न्या. मी दशम्या, तिळाची चटणी, मेतकूट आणि पोहे नेले होते. विश्रामगृहात स्वयंपाकघर आहे. मात्र बाहेर व्हरांड्यात बसून खायचं नाही, बबून माकडं हातातून ओढून नेतात. खिडक्यांना जाळ्या त्यांच्याचसाठी आहेत. जंगलात तर खाण्याची पिशवी काढायचीच नाही.

चिंपांझी नक्की दिसतील असं कोणी सांगणार नाही. पण ते रोज संध्याकाळी झाडावर फांद्या वाकवून नवं घरटं करतात आणि माग काढणारे लोक ते कुठे झोपले हे बघून येतात, त्यामुळे सकाळी शोध तिथूनच सुरू होतो. आम्ही दोन तास चढलो. मग घळीतून आवाज आला: आधी हलकं हू, हू, मग चढत चढत किंचाळीपर्यंत. अंगावर काटा आला. थोड्या वेळाने पाऊलवाटेवरच एक आई बसलेली दिसली. तिचं पिल्लू मांडीत उताणं पडलेलं, आणि ती त्याच्या कानामागचे केस एकेक बाजूला करून बघत होती. ओठ पुढे काढून, पूर्ण लक्ष लावून. माझी आई माझ्या उवा काढायची ना, अगदी तशीच. पिल्लाने पाय झाडला की ती तो धरून खाली ठेवायची आणि पुन्हा सुरू.

वाळवीच्या वारुळात काडी घालून वाळवी खाताना बघायचं असेल, जे गुडालबाईंनी १९६० मध्ये पाहिलं, तर त्याचा खरा मोसम पाऊस सुरू होताना असतो. पण तेव्हा वाटा निसरड्या होतात. ऑगस्टच बरा.

— काकू, उपांगा

*

काकूंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी महालेच्या उद्यानात जाऊन आलोय, किगोमाच्या दक्षिणेला त्याच सरोवराच्या काठी. तिथे मास्क लावल्याशिवाय चिंपांझींसमोर उभं करत नाहीत. क्योटो विद्यापीठाचे लोक १९६५ पासून तिथे काम करतायत. आजारी चिंपांझी एरवी न खाल्ल्या जाणाऱ्या एका कडू झाडाचा गर चघळतो, हे त्यांनी तिथेच नोंदवलं. उद्यान गोंबेच्या कित्येक पट मोठं, १,६१३ चौरस किलोमीटर, पण पोचायला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतो. वयाची अट तिथे १२ आहे. म्हणजे धाकटीला तीन वर्षांनी न्या, त्या जंगलासाठी थांबणं सार्थकी लागेल.

— ऑयस्टर बे

*

काकू, दादा, मनापासून आभार. मुलीला काल सांगितलं. आधी रडली, मग तिने विचारलं, "माझ्या सर्दीने त्यांचं बाळ मरू शकतं?" हो म्हटलं. त्यानंतर तिने हट्ट केला नाही.

बाबा आणि मुलगा गोंबेला दोन रात्री जातील. आम्ही दोघी किगोमात राहू आणि जवळच्या उजीजीला जाऊ. १८७१ मध्ये पत्रकार स्टॅनली आणि आफ्रिकेत फिरणारे शोधप्रवासी लिव्हिंगस्टन जिथे भेटले तिथे आंब्याची झाडं आहेत, मूळ झाडाच्या कलमांची म्हणतात. कोकणातल्या आजोळी कलमं बघून मोठी झालेय, त्यामुळे मलाच जास्त उत्सुकता आहे.

काकू, तिळाच्या चटणीची कृती पाठवाल का?

— मसाकीहून